शेवटचा हात

नाना कुणाच्याही घरी गेले की आधी दार तपासतात, माणसं नंतर. बेल वाजल्यापासून दार उघडेपर्यंत त्यांचा उजवा तळवा दाराच्या फळीवरून वरपासून खालपर्यंत फिरून आलेला असतो. डोळे मिटलेले. डोळ्यांना चकवता येतं, तळव्याला नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. मग दार उघडणाऱ्याला पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, "तुमच्या रंगाऱ्यानं लांबी नीट घासलेली नाही हो." त्यानंतर, सुचलंच तर, "काय, बरंय ना सगळं?"

लग्नाच्या हॉलमध्ये ते खांबांवरून हात फिरवतात. दवाखान्यात डॉक्टर एका हाताची नाडी बघत असतात तेव्हा दुसरा हात टेबलाच्या कडेवर असतो. एकदा आम्ही दोघं एका तेराव्याला गेलो होतो. हार घातलेल्या फोटोसमोर नाना इतका वेळ उभे राहिले की घरच्यांचे डोळे पाणावले. बाहेर चपला घालताना मला म्हणाले, "फ्रेमच्या खालच्या पट्टीवर वॉर्निशचा ओघळ आलाय. बघितलास?"

नाना रंगारी नाहीत आणि सुतारही नाहीत. उभी हयात त्यांनी एका बँकेत हिशेब तपासण्यात घालवली. गावोगावच्या शाखांत जायचं, दुसऱ्यानं केलेल्या कामातली चूक शोधायची, ती लाल शाईनं टिपायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायचं. चूक सापडली नाही तर ती लपवलेली आहे असं समजायचं. निवृत्त होऊन नागावच्या घरी आले तेव्हा या गुणाला काही दिवस काम उरलं नाही. वाण्याच्या बिलात, बायकोच्या म्हणजे आमच्या काकूंच्या आमटीत आणि माझ्या बोलण्यात ते चुका काढायचे, पण त्यात त्यांचं मन रमेना. मग त्यांनी होडी बांधायला काढली आणि आम्ही सगळे सुटलो.

होडी म्हणजे शिडाची, बारा फुटी, प्लायवूडची. या घराण्याचा मूळपुरुष इंग्रज. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या 'डेली मिरर' या वर्तमानपत्राच्या पुढाकारानं, साध्या माणसाला परवडेल आणि घरी बांधता येईल अशी एक होडी निघाली. जॅक होल्ट हा होड्या आखणारा जाणकार आणि बॅरी बकनेल हा टीव्हीवर लोकांना घरगुती सुतारकाम शिकवणारा गृहस्थ, या दोघांनी मिळून ती आखली. प्लायच्या फळ्या आकारात कापायच्या, कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेचे टाके घालून फळ्या एकमेकींना शिवायच्या आणि सांध्यांवर काचेच्या धाग्याची पट्टी राळेत भिजवून बसवायची. अकरा फुटांना दोन इंच कमी अशी ही लाल शिडाची 'मिरर' लोकांनी गॅरेजांत आणि मागच्या अंगणांत बांधली. सगळ्या मिळून सत्तर हजारांच्या वर झाल्या. त्यातल्या कितींना शेवटचा हात मारून झाला, हे कुठं नोंदलेलं नाही. नानांचा पहिला आक्षेप तोच होता.

नानांचा नकाशा याच पद्धतीचा. अक्षी गावचे तांडेल पहिल्यांदा बघायला आले तेव्हा नाना तारेचे टाके आवळत होते. तांडेल वाकून म्हणाले, "शिवलेली होरी? आमचं आजं-पणजं काथ्यानं शिवायचं." खरंच होतं ते. खिळा न ठोकता काथ्याच्या दोरीनं फळ्या शिवून गलबतं बांधण्याची रीत या किनाऱ्यावर फार जुनी. २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेलं 'कौंडिण्य' गोव्यात त्याच रीतीनं शिवून बांधलं. नमुना घेतला अजिंठ्याच्या भिंतीवरच्या चित्राचा. ती बातमी मी मोठ्या हौसेनं नानांना वाचून दाखवली. भिंतीवरच्या चित्रातून खरंखुरं जहाज उभं राहिलं याचं त्यांना विशेष काही वाटलं नाही. "जवळून काढलेला फोटो नाही का?" एवढंच विचारलं.

नानांच्या होडीचं बांधकाम २०१८च्या दिवाळीला सुरू झालं आणि शिमग्याला संपलं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण ते वेळेत झालं. धुळवडीच्या दिवशी नाना अंगणात उभे राहून रंग खेळणाऱ्या पोरांना सांगत होते, "आता काय, घासायचं आणि दोन हात मारायचे. शेवटचा हातच राहिलाय म्हणा ना." त्यानंतर धुळवडी पुष्कळ झाल्या.

ज्यानं कधी होडी बांधली नाही त्याला वाटतं, रंग म्हणजे डबा उघडायचा आणि ब्रश बुडवायचा. मलाही तसंच वाटायचं. पण रंगाच्या आधी इपॉक्सीचा थर आणि त्या थराच्या नाना तऱ्हा. नानांच्या डब्यावर दोन भाग राळेला एक भाग हार्डनर असं प्रमाण होतं. ते वजनानं की मापानं यावर त्यांनी आठवडा काढला आणि शेवटी दोन्ही करून पाहिलं. वजनकाटा काकूंचा, माप काकूंचं, ढवळायला पळीही काकूंची. हे मिश्रण घट्ट होताना आपोआप तापतं. जितकं जास्त एका भांड्यात, तितकं जास्त तापतं. मे महिन्यातल्या एका दुपारी नानांनी कप काठोकाठ भरला. पाच मिनिटांत त्यातून धूर यायला लागला, कप मऊ पडून एका बाजूला कलला आणि नानांनी तो वाडीत भिरकावला. तो अजून तिथंच आहे, नारळाच्या आळ्यात, पळीसकट.

दमट हवेत वाळताना काही इपॉक्सींवर मेणचट, चिकट पापुद्रा येतो. तो आधी पाण्यानं धुवायचा आणि मग घासायचं. उलटं केलं तर ते मेण पृष्ठभागात रगडलं जातं आणि वरचा रंग धरत नाही. अलिबाग तालुक्यात कोरडी हवा मागायची तरी कुणाकडं? म्हणून होडीला रोज आंघोळ. बादली, मग, खरखरीत घासणी, मग जुन्या मऊ लुगड्यानं अंग पुसणं. काकू एकदा ओटीवरून म्हणाल्या, "हिला समुद्रात घालायची गरजच काय? इथंच सगळं पाणी बघून झालंय तिचं."

घासण्याचं शास्त्र तर वेगळंच. ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं सुरुवात, मग १२०, मग १८०, २२०, आणि शेवटी ३२०चा पाणीपेपर. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे घालवतो आणि आपले थोडे बारीक ओरखडे ठेवून जातो. म्हणजे चुका नाहीशा होत नाहीत, लहान होतात. हे तत्त्व नानांना बँकेपासून पाठ होतं. हातात धरायचा ठोकळा छोटा असला की तो खड्ड्यात खड्ड्यासारखा जातो आणि उंचवट्यावर उंचवट्यासारखा चढतो. म्हणून दोन हात लांब, किंचित लवणारी फळी घेऊन तिला पेपर चिकटवायचा आणि दोन्ही हातांनी तिरकं घासायचं, आधी या बाजूनं, मग त्या बाजूनं. मग सगळ्या अंगावर काळ्या स्प्रेचा भुरका मारायचा आणि पुन्हा घासायचं. जिथं काळं उरतं तिथं खड्डा. तिथं लांबी भरायची. लांबी वाळली की तिथं उंचवटा. तो घासायचा. शेजारी खड्डा. नाना दोन पावसाळे या खड्ड्यांमागून फिरत होते. त्या काळात आमच्याकडच्या पापडांवर, कुरडयांवर, मोरांब्याच्या बरणीच्या झाकणावर आणि तुळशीच्या पानांवर पांढरट भुकटीचा थर असायचा. नानांच्या भुवया पिकल्या आहेत की भरल्या आहेत ते कळायला मार्ग नव्हता.

या सगळ्याचं एक रजिस्टर आहे. बँकेतल्यासारखं उभं, लांब, निळ्या पुठ्ठ्याचं. रकाने: तारीख, वेळ, तापमान, दमटपणा, हात क्रमांक, आक्षेप, शेरा. आक्षेप लाल शाईत. मी ते चाळलंय. एक नोंद अशी: "हात तिसरा. आक्षेप: ओल्या रंगावर तुडतुडे, अकरा. शेरा: आंबा मोहोरल्याची दखल आधी घ्यायला हवी होती." दुसरी: "हात चौथा. आक्षेप: शेजारच्या वाडीत पातेरा जाळला. शेरा: संबंधितांस तोंडी समज दिली." तो संबंधित म्हणजे मी. तिसरी: "आक्षेप: एक केस. शेरा: ब्रशचा नसून माझा."

आणि एक नोंद ३ जून २०२०ची. त्या दिवशी निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. माझ्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त सुपाऱ्या एका दुपारीत आडव्या झाल्या, गावात कुणाच्या घरावर कौल राहिलं नाही, दिवस दिवस वीज नव्हती. नानांच्या होडीवरची शेड उडून तिसऱ्या घराच्या विहिरीवर जाऊन पडली. होडी मात्र पालथी होती, दोन्ही लाकडी घोड्यांना बांधलेली होती, ती जागची हलली नाही. रजिस्टरात लिहिलंय: "आक्षेप: चक्रीवादळ. डाव्या बाजूस ओरखडे. शेरा: पुन्हा १२०पासून." मी ते वाचून चिडलो होतो, हे सांगून टाकतो. पण त्याच वादळानंतर पंधरा दिवस हाच माणूस घासायच्या मशीनसाठी आणलेला जनरेटर घेऊन घरोघरी फिरत होता, लोकांच्या टाक्या भरून देत होता. त्याची नोंद कुठंच नाही. त्यात आक्षेप घेण्यासारखं काही नव्हतं.

वादळाच्या आधीची टाळेबंदी त्यांना जास्त लागली होती. दूध, भाजी, औषधं मिळत होती. पॉलिश पेपर अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत नव्हता. नानांनी रीतसर अर्ज लिहिला, त्यात 'जलवाहतुकीशी संबंधित काम' असे शब्द घातले आणि योग्य त्या कचेरीत पाठवला. उत्तर आलं नाही. तेव्हापासून ते साठा करून ठेवतात.

कोकणातलं वर्ष लोक सणांनी मोजतात, नाना दमटपणानं. जून ते सप्टेंबर पाऊस, रंगाचं नाव काढायचं नाही. ऑक्टोबरात रंग ब्रशवरच आटतो. थंडीत सकाळी दव, त्यामुळं नऊच्या आधी काही लावलं तर वाळताना चमक जाऊन पांढुरकं होतं. दुपारी समुद्रावरचा वारा सुरू झाला की रेती आणि खार घेऊन येतो. उरली वेळ सकाळी साडेनऊ ते साडेअकरा. त्या वेळात वीज जाते, गॅस सिलिंडर येतो, जावई फोन करतो आणि नारळ पाडणारा, जो एरवी महिनाभर निरोप पाठवूनही येत नाही, तो कोयता घेऊन फाटकात उभा राहतो.

याच्या उलट अक्षीचे तांडेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात. जुलै सरत आला की तांडेल आपल्या होडीची जुनी खपली खरवडतात, सांध्यात कापूस ठोकतात, लांबी भरतात, बाजारातला ऑइलपेंट आणून दोन मुलांच्या मदतीनं दोन दिवसांत होडी रंगवतात. वर हिरवा, मध्ये पिवळा, खाली लाल. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की कामाला लागतात. नाना दर वर्षी हे काम बघायला जातात, हात मागे बांधून. बांधलेले नसले तर ते हात होडीवरून फिरतात आणि तांडेलांना गुदगुल्या झाल्यासारखं होतं.

"तांडेल, ब्रशच्या रेघा दिसतायत."

"म्हावऱ्याला दिसतील काय?"

"इथं ओघळ आलाय बघा, हा."

"नाना, ती पान्यानं ग्येली की कोन बगतंय?"

नानांना या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून ते दर वर्षी पुन्हा जातात. तांडेलांनीच त्यांना सांगितलं की जुनी माणसं होडीच्या लाकडाला मुशीच्या काळजाचं तेल चोपडायची. नानांनी लगेच प्लायच्या एका तुकड्यावर प्रयोग केला. संध्याकाळपर्यंत नागावातली झाडून सगळी मांजरं अंगणात जमली, सकाळी तुकडा नव्हता. रजिस्टरात शेरा: "चाचणी अपूर्ण. नमुना गहाळ."

अलिबागेत कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, समोर समुद्रात कुलाबा किल्ला आहे. आंग्र्यांच्या गुराबांनी आणि गलबतांनी इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी यांना सळो की पळो करून सोडलं. मी एकदा नानांना म्हटलं, "त्या गलबतांना कुठं होता तुमचा पॉलियुरेथेन रंग?" नाना शांतपणे म्हणाले, "म्हणून तर आज एकही शिल्लक नाही." यावर काय बोलणार? अक्षीचा शिलालेख शके ९३४चा, मराठीतला सगळ्यात जुना म्हणून सांगतात. उन्हापावसात हजार वर्षं काढली, अंगावर एक हात नाही, तरी अक्षरं आहेत. तेही मी सुचवून पाहिलं. "दगड आहे तो," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

रंग कोणता द्यायचा हा प्रश्न आला तेव्हा तांडेलांपासून दुकानदारापर्यंत सगळ्यांनी पांढरा सांगितला. शहाण्यानं पांढराच द्यावा. पांढरा उन्हात कमी तापतो, त्यात खड्डे-उंचवटे फारसे दिसत नाहीत. गडद आणि चकचकीत रंग सगळं काही दाखवतो. नानांनी गडद निळा, चकचकीत, ठरवला. ज्या रंगात चूक दिसत नाही त्यात त्यांना गोडीच नव्हती. निळ्यातला कोणता निळा हे ठरवण्यासाठी त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवर नमुन्याचे चौकोन रंगवले. एक, मग त्याच्या शेजारी दुसरा, असं करत भिंत संपली. शनिवार-रविवारी मुंबईपुण्याहून समुद्रावर येणारी पोरंपोरी त्या भिंतीपुढं उभं राहून फोटो काढतात. समोरच्या घरगुती खानावळीचा पत्ता आता 'निळ्या भिंतीसमोर' असाच सांगतात. पाटीच लावलीय त्यांनी तशी.

आणि मग ती रोलर-ब्रशची सकाळ आली.

हा रंगही दोन डब्यांचा. मिसळला की घड्याळ सुरू. एकट्याचं काम नाही. एकानं स्पंजच्या रोलरनं पातळ थर लावत पुढं जायचं, दुसऱ्यानं लगेच मागून ब्रशचं नुसतं टोक टेकवत बुडबुडे मोडत यायचं. आधी लावलेल्या पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा पट्टा तिला भिडला पाहिजे. कड सुकली तर जोड जन्मभर दिसतो. पहिल्या दिवशी डावी बाजू. रोलर काकूंकडं, ब्रश नानांकडं. दोघांच्या तोंडावर मास्क. माझं काम घड्याळ बघून वेळ सांगायचं आणि माशी आली तर हाकलायची, पण वारा न करता.

"अगं, कड सुकतेय!"

"मग बोलू नका, ओढा."

"दाबतेयस तू रोलर."

"अहो, दाबल्याशिवाय लागेल कसा?"

"एवढा नको. ओघळेल."

"ओघळला तर घासाल. घासताच ना नाहीतरी."

डाव्या बाजूला एक ओघळ, दोन जोड आणि एक माशी. माशी माझ्या नावावर.

दुसऱ्या दिवशी उजवी बाजू, आणि नानांना शिंका. भुकटीनंच बसल्या असणार. ओल्या रंगाच्या इतक्या जवळ शिंकणारं तोंड नेता येईना, म्हणून अदलाबदल झाली. रोलर नानांकडं, ब्रश काकूंकडं. काकूंनी पदर खोचला, ब्रशचं टोक डब्याच्या काठावर पुसलं आणि ओढायला लागल्या. मी बाजूलाच होतो. ब्रश रंगाला टेकायच्या आधीच चालू झालेला असायचा आणि चालता चालताच उचलला जायचा. कुठं थांबला, कुठं टेकला, काही कळायचं नाही. एकदाही मागं वळून पाहिलं नाही. त्या काळात त्यांनी नानांना फक्त एक वाक्य सांगितलं, "पुढं व्हा." पाऊण तासात नाळेपासून मागच्या फळीपर्यंत बाजू झाली. काकूंनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये नव्हे, नानांनी खास आणलेल्या थिनरमध्ये बुडवला, "आमटी टाकायचीय" म्हणाल्या आणि आत गेल्या.

रात्री नानांनी ट्यूबलाइट आडवी धरून तपासणी केली. प्रकाश अंगालगत सोडला की बारीकशी लाटही त्या प्रतिबिंबात वाकडी दिसते. ट्यूबलाइट पुढं नेली, मागं आणली, गुडघ्यावर बसून पाहिली, आडवं पडून पाहिली. ट्यूबची रेघ सरळ. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा सरळ. मग डोळे मिटून तळवा फिरवावा म्हणून हात पुढं केला, पण रंग ओला होता. तो हात बराच वेळ तसाच अधांतरी राहिला.

रजिस्टरात त्या तारखेला आक्षेपाच्या रकान्यात लिहिलंय: "नाही." निळ्या शाईत. नोकरीत किंवा होडीत, नानांच्या हस्ताक्षरात असा शब्द दुसरीकडं मला सापडलेला नाही. त्या रात्री ते जेवले कमी. काकू त्या बाजूबद्दल काहीही बोलल्या नाहीत, आजतागायत बोललेल्या नाहीत, आणि नानांना तेच सोसत नाही. डावी बाजू उजवीच्या तोडीची करायची म्हणून ती पुन्हा घासली, पुन्हा रंगवली, पुन्हा घासली. काकूंना डावीही करायला सांगा, असं मी सुचवलं. नानांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी घड्याळ बघितलं.

शेवटी काकूंनीच दिवस ठरवला. झालं असं की नाना कुणाला तरी दिलीप दोंदे यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेची गोष्ट सांगत होते. गोव्यात बांधलेली 'म्हादेई' घेऊन हा माणूस ऑगस्ट २००९ मध्ये एकटा मुंबईहून निघाला आणि मे २०१० मध्ये पृथ्वीला वळसा घालून परत आला. काकू ताट वाढत होत्या. म्हणाल्या, "नऊ महिने. तेवढ्यात आपली होडी शेडच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत गेली." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी भरतीची वेळ तांडेलांना विचारून, भाऊ, नणंदा, जावई, सगळ्यांना फोन लावले.

दिवस ठरल्यावर कामं भराभर झाली. पाण्याची रेघ आखायला गवंडी आला. इंजिनिअर लोक यासाठी लेझर वापरतात. आमच्या गवंड्यानं पाणी भरलेली पारदर्शक नळी होडीभोवती फिरवली आणि दहा मिनिटांत खुणा केल्या. नाव घालायला टेम्पोवर आणि रिक्षांवर लिहिणारा पेंटर आला. नाना चिकटपट्टी, फूटपट्टी घेऊन तयार होते. त्यानं दोरीला खडू लावून एक रेघ मारली, तोंडातला मावा गालात सरकवला आणि मोकळ्या हातानं लिहून मोकळा झाला: 'शिल्लक'. नाव नानांनीच निवडलेलं. खर्चाचा आकडा काकूंनी फक्त एकदाच विचारला होता. त्यावर नाना म्हणाले होते, "तो भांडवली खर्च आहे."

उचलायला कोळीवाड्यातली आठ तरणी पोरं आली. नानांनी त्यांना ओळीनं उभं केलं आणि घड्याळं, कडी, अंगठ्या आणि कमरेचे पट्टे काढून घेतले. बक्कल घासायला नको म्हणून. त्यामुळं अक्षीच्या बंदरावर जी मिरवणूक पोचली तिच्यात प्रत्येक पोराचा एक हात होडीला आणि दुसरा आपल्या पँटला होता. काकूंनी हळदकुंकू वाहिलं. ते नानांनी बोटानं लावू दिलं नाही, वरून सोडायला सांगितलं. नारळ होडीवर न फोडता शेजारच्या दगडावर फोडला.

होडी पाण्यात गेली आणि गवंड्याच्या रेघेवर बरोबर बसली. पुढं तांडेल, मागं सुकाणूवर नाना. दुपारचा वायव्येचा वारा नुकताच लागला होता. शीड फडफडलं, तांडेलांनी दोर आवळला, होडी एका अंगाला कलली आणि निघाली. चांगली निघाली. पाणी कापल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. तांडेल दर्यावरचे, इंजिनाच्या होडीतून कधी इतक्या शांतपणे गेले नव्हते, ते लहान मुलासारखे हसत होते. किनाऱ्यावर टाळ्या वाजल्या. मी नानांकडं बघत होतो. ते समुद्राकडं बघत नव्हते. त्यांचा डावा हात बाजूच्या पट्टीच्या खाली, आतल्या अंगाला, काहीतरी चाचपत होता.

परत आल्यावर मी विचारलं, "काय झालं?"

"आत बसल्यावर दिसतं. पट्टीच्या खालच्या अंगाला वीतभर जागा कोरडी राहिलीय. रंगच नाही."

"इतकी वर्षं दिसली नाही?"

"इतकी वर्षं आत कोण बसलं होतं?"

आता 'शिल्लक' डिसेंबर ते मे अक्षीच्या खाडीत असते, एरवी शेडमध्ये घोड्यांवर. नाना आठवड्यातून दोनदा शीड लावतात, तांडेल सवड काढून येतात. काकू अजून एकदाही बसलेल्या नाहीत, त्यांना पाण्याची भीती वाटते. खाडीत होडी नेहमी उजवी बाजू किनाऱ्याकडं करून लावलेली दिसेल. बाकीच्या होड्या भरती-ओहोटीबरोबर फिरतात. ही फिरू नये म्हणून नानांनी पुढून एक आणि मागून एक असे दोन नांगर टाकलेत.

नागावला आलात तर बघायला जरूर या. निळी भिंत कुणीही दाखवील. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा सोडून केव्हाही चालेल. लोकरीचं काही घालून येऊ नका, तंतू सुटतात. आणि येताना मुंबईहून ३२० नंबरचे दहा-बारा पाणीपेपर घेऊन या. अलिबागच्या बाजारात होते तेवढे सगळे नानांकडं आहेत आणि डावी बाजू अजून व्हायचीय.